रोहिणीत बी, दसऱ्याला फूल

पंचांगाप्रमाणे वैशाख हा वसंताचा दुसरा महिना. कागदावर तो फुलांचा महिना असेलही, पण परभणी जिल्ह्यात त्याला कुणी वसंत म्हणत नाही. दुपारी पारा ४३-४४ अंशांवर जातो, काळ्या जमिनीला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, आणि उघड्या रानातल्या मातीचा वरचा थर पन्नास अंशांच्या पुढं तापतो. अशा मातीत टाकलेलं बी उगवायच्या आधी भाजून निघतं. आणि तरीही गणपतीपासून दिवाळीपर्यंत देवापुढं, दारावर, बैलाच्या गळ्यात आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जी फुलं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच फुलांचा हिशेब याच दिवसांत मांडला जातो.

बियांच्या रंगीत पाकिटांवर बहुधा ‘वसंताच्या अखेरीस पेरा’ असं लिहिलेलं असतं. ही सूचना मुळात थंड मुलखातली. तिथं मे महिना येईपर्यंत रात्री दव गोठायची भीती असते. ती सरली की बी बाहेर काढायचं. आपल्याकडं त्याच महिन्यात बी आत ठेवायचं असतं, सावलीत, गारव्यात. सूचना तीच, महिना तोच, भीती मात्र उलटी. पाकीट वाचून झिनिया आणि कॉसमॉस मे महिन्याच्या उन्हात पेरणारे आणि मग बियाण्याच्या कंपनीला शिव्या घालणारे हौशी लोक शहरात पुष्कळ भेटतात. खेड्यात ही चूक होत नाही, कारण तिथं पेरणीचा महिना पाकिटावर नसतो, तो नक्षत्रावर असतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, ७-८ जूनला मृग लागतो, २१-२२ जूनला आर्द्रा. वळवाची एखादी सर रोहिणीत आली तर आली. खरी पेरणी मृगावर. पण रोप करायचं असेल, तर त्याला मृगाची वाट बघून चालत नाही.

वालूर हे सेलू तालुक्यातलं गाव. या पट्ट्यातल्या बहुतेक गावांसारखंच कापसा-सोयाबीनचं. गावाचं नाव गेल्या काही वर्षांत बाहेर गेलं ते इथल्या चक्राकार बारवेमुळं. पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात, अशी बांधणी महाराष्ट्रात फारशी नाही. गाळाकचऱ्यानं भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळं अशा कितीतरी विस्मरणात गेलेल्या बारवांकडं लोकांचं लक्ष वळलं, त्यात वालूरची बारव ठळक. तिचे वरून घेतलेले फोटो आता सगळीकडं फिरतात. फोटोत ती शिल्प म्हणून दिसते. पण ती बांधणाऱ्याच्या डोक्यात शिल्पाच्या आधी वैशाख असणार. पाणी जसजसं खाली जाईल तशी एकेक पायरी उघडी पडत जाते, आणि शेवटच्या घागरीपर्यंत माणसाला आपल्या पायांनी जाता येतं. दोर-पोहऱ्याच्या आडात पाणी आटलं की दोर लांब करत बसावं लागतं. बारवेत माणूसच पाण्याजवळ जातो.

फुलशेतीचं आणि या शेवटच्या घागरीचं नातं आहे, ते असं. झेंडूचं एक एकर लावायचं तर दोन फूट बाय दीड फूट अंतरानं साधारण पंधरा हजार रोपं लागतात. एवढी रोपं करायला जमीन किती लागते? तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच असे आठ-दहा गादी वाफे. परसातल्या निंबाच्या सावलीत मावतील एवढेच. त्यांना सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी द्यायचं, बस. म्हणजे एकरभर फुलांचं नशीब वैशाखात काही घागरींवर ठरतं. या घागरी ज्याच्याकडं असतात त्याची फुलं पोळ्या-गणपतीला बाजारात येतात. ज्याच्याकडं नसतात तो पाऊस पडल्यावर बी टाकतो आणि महिनाभर मागं पडतो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात फुलाचा वाफा भिजवायचा विचार कुणाच्या मनात आला असेल? दुष्काळात पहिली जातात ती फुलं, हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही, कारण परसातली फुलं आकडेवारीत कधी नसतातच.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे. १९७२ साली विद्यापीठ सुरू झालं, २०१३मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. या दिवशी खरिपाचा मेळावा भरतो आणि विद्यापीठाच्या बियाण्याची विक्री सुरू होते. ऊन असो की काही असो, शेतकरी रांग लावतात ती सोयाबीनच्या एमएयूएस-७१ साठी, ६१२ साठी, तुरीच्या बीडीएन-७११ साठी. हातात रिकामी पोती, डोक्याला उपरणं. या रांगेत फुलाचा, कोथिंबिरीचा, तुळशीचा विषय नसतो. त्या बियांचा कारभार पूर्वी घरातल्या बायकांकडं होता: उतरंडीतल्या गाडग्यात राखेत मिसळून, नाहीतर फडक्याची पुरचुंडी बांधून आढ्याला. कोणतं बी कोणत्या पुरचुंडीत, हे एकीलाच ठाऊक असायचं.

अक्षय्य तृतीयेला केलेलं आळं मरत नाही, अशी समजूत आहे. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याचा केळी-करा पुजतात, आणि बरेच जण दोडक्याचं, कारल्याचं, दुधीचं बी आळ्यात टोचतात. समजुतीत शहाणपण असं की, एप्रिल-मेच्या सांध्यावर लावलेला वेल पाऊस येईपर्यंत मांडवाला लागलेला असतो. मूळ खोल गेलेलं असल्यानं पहिल्या झोडपणाऱ्या पावसात तो उपटत नाही. सावली आणि घागरभर पाणी एवढी अट. गोकर्णही याच वेळी लावावी. तिचं बी टणक, रात्रभर भिजत घातलं तरी काही दाणे जसेच्या तसे राहतात. ते फरशीवर एका बाजूनं जरासे घासले की पाणी आत शिरतं. गुलबक्षीला एवढंही करावं लागत नाही. मिऱ्यासारखं काळं बी जिथं पडेल तिथं उगवतं आणि मग काढू म्हटलं तरी निघत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या चुरगाळून बी वरवर भुरभुरायचं, खोल दाबायचं नाही, नाहीतर ते वर येत नाही. रोहिणीत टाकलेली तुळस कार्तिकात लग्नाला उभी राहील एवढी होते. सब्जा तिचाच भाऊबंद. त्याचं बी पाण्यात पडताच काही मिनिटांत भोवती चिकट गर धरतं. फालुद्यात आपण जे खातो ते हेच. मातीत तोच गर ओल धरून ठेवतो.

खरी परीक्षा कोथिंबिरीची. लग्नसराईत तिचा भाव चढतो, आणि नेमकी तेव्हाच ती उगवायला नाखूश असते. तिचं चढ्या उन्हाशी जमत नाही. उगवली तरी पानं धरायच्या आत दांडा काढून फुलावर जाते. उन्हाळ्यात कोथिंबीर काढणाऱ्याचं कसब बियापासूनच दिसतं. आपण ज्याला एक धणा म्हणतो ती दोन बियांची जोडी असते, एका टरफलात. आख्खा धणा टाकला तर कधी एक उगवतो, कधी तोही नाही. म्हणून धणे फरशीवर पसरून वरून चपलेनं किंवा फळीनं हलक्या हातानं रगडायचे. जोर जास्त झाला तर बी फुटतं आणि त्याची डाळ होते, ती स्वयंपाकाला चालेल, पेरायला नाही. कमी झाला तर जोडी सुटत नाही. कानाला एक बारीक ‘कट्’ ऐकू येतो तेवढाच दाब. मग अर्धा दिवस पाण्यात, त्यानंतर ओल्या फडक्यात बांधून माठाच्या बुडाशी, जिथं सतत गार असतं. टोक पांढुरकं दिसायला लागलं की वाफ्यात. वर शेणखताचा चाळलेला थर, त्यावर पाचट, आणि चहूबाजूंनी राखेची रेघ. राख मुंग्यांसाठी. उन्हाळ्यात वाफ्यात ओल दिसली की मुंग्या तिथं येतातच आणि बी उचलून नेतात. वाफ्यावर पूर्वी पळाट्यांचा मांडव घालायचे, कापूस वेचून झाला की पळाट्या फुकट मिळायच्या. आता हिरवी शेडनेट. आठ-दहा दिवसांत मोड वर येतो, सव्वा महिन्यानं जुडी होते. तोवर मृग लागलेला असतो आणि कोथिंबिरीला दुसरा शत्रू भेटतो: धो धो पाऊस, ज्यात ती आडवी होते आणि सडते. मे-जूनची कोथिंबीर महाग का, असं विचारणाऱ्याला एकदा धणे रगडायला बसवावं.

अंबाडीची गोष्ट वेगळी. तिला वाफा नको, लाड नकोत. मृगावर ज्वारीच्या, कापसाच्या पेरणीत तिफणीमागं मोघा धरून बाई चालायची, आणि ठराविक ओळींमागं अंबाडीचा, तिळाचा, कारळाचा एखादा तास पडायचा. पाला भाजीला, बोंडांभोवतीचं लाल मांसल आवरण आंबटासाठी, खोडाच्या सालीचा वाख दोरखंडाला, आणि फूल? फूल कुणी मुद्दाम लावत नव्हतं, ते आपसूक मिळायचं. फिकट पिवळं, मधोमध गर्द लालभडक डोळा. भाद्रपदानंतर अंबाडीच्या तासासारखं देखणं काही रानात नसतं, असं माझं मत आहे. बागेतल्या महागड्या जास्वंदीही तिच्याच कुळातल्या. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेल्या अंबाडीवर लसणाची फोडणी हे मराठवाड्याचं ताट.

हा तास आता दिसेनासा झाला आहे. खरीप ज्वारी गेली, सोयाबीन आलं, एवढं सगळे सांगतात. पण अंबाडीला घालवलं ते तणनाशकानं. सोयाबीनमध्ये रुंद पानाचं तण मारणारं औषध मारलं की अंबाडीही रुंद पानाची, तीही मरते. तांदुळजा, घोळ, कुरडू यांचीही तीच गत. मजुरी परवडत नाही म्हणून फवारणारा शेतकरी चुकीचा आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. खुरपणीला बाई मिळत नाही हे खरंच आहे. पण खुरपणाऱ्या बाईला तण कोणतं आणि भाजी कोणती हे कळत होतं, फवारणीच्या पंपाला कळत नाही. म्हणून आता अंबाडीचं बी परसात पेरायची वेळ आली आहे, आणि ते काम मृगाच्या पहिल्या ओलीवर होतं. बी टोचून बोटभर मातीनं झाकलं की झालं.

आता झेंडू. दिवाळी अंकात झेंडूवर लिहिलं जातं ते तोरणापासून. मी बियापासून सांगतो.

झेंडूचं बी सुईसारखं, सेंटिमीटरभर लांब. खालचा अर्धा भाग काळा आणि टणक, वरचा अर्धा गवती रंगाच्या कुसळांचा. काळ्या भागात गर्भ, कुसळं उडायला. एका ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास बिया बसतात. चिमटीत धरून पाहिलं तर काळा भाग भरलेला लागायला हवा. चपटा आणि वाकडा असेल तर ते पोचट. चार-पाच इंच रुंद डोलदार झेंडूत असं पोचट बी पुष्कळ निघतं. त्याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येकी एक स्वतंत्र फूल असतं. कडेच्या पाकळीफुलांत फक्त स्त्रीकेसर, मधल्या बारीक नळीफुलांत स्त्री आणि पुं दोन्ही. फूल जेवढं भरगच्च करत जावं तेवढी मधली नळीफुलं पाकळ्यांत बदलतात, पराग कमी होतो, आणि बी धरेनासं होतं. बाजाराला जे फूल आवडतं त्याला बी कमी; ज्याला बी भरपूर ते एकेरी, विरळ फूल बाजारात कुणी घेत नाही.

बी वाफ्यात पाच सेंटिमीटरच्या ओळींत टाकून वर चाळलेलं खत भुरभुरलं की चार ते सात दिवसांत उगवतं. पंचवीस-तीस दिवसांनी रोप लावणीला येतं. लावल्यावर महिन्या-सव्वामहिन्यानं शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. नव्या संकरित वाणांना लावणीपासून साठ-पासष्ट दिवसांत तोडा सुरू होतो. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट घालून रोपवाटिका रोपं करून देतात. एकराला दीडशे ट्रे. बहुतेक शेतकरी आता बी बघतच नाही, थेट रोप बघतो.

पण गावठी झेंडूचं वेळापत्रक निराळं आहे. तो मृगावर टाकला की वाढत राहतो, वाढत राहतो, छातीएवढा होतो, आणि फूल म्हणून धरत नाही. नवीन माणसाला वाटतं वाया गेला. मग भाद्रपद संपत आला की एकदम कळ्यांनी लगडतो. कारण तो पावसावर नाही, दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस मोठे असताना पाला वाढवायचा आणि ते आखूड व्हायला लागले की फुलायची घाई करायची, हा त्याचा स्वभाव. परभणीत २१ जूनला दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या तेवीसला बारावर येतो, आणि डिसेंबरात अकरा. म्हणजे गावठी झेंडू नवरात्राच्या आसपास फुलतो तो भक्तिभावानं नव्हे, उजेडाच्या हिशेबानं.

हा उजेडाचा हिशेब तो कुठून शिकून आला हे पाहिलं की एक मजेची गोष्ट हाती लागते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेतलं जे काही हिंदुस्थानात आणलं त्यात तोही आला. आज मेक्सिकोत झेंडूसाठी सगळ्यांत नावाजलेला मुलूख म्हणजे पुएब्ला प्रांत. पुएब्ला शहर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेक्सिको सिटी १९ अंश २६ कलांवर. परभणी १९ अंश १६ कलांवर, आणि वालूर तिच्या किंचित वर. म्हणजे झेंडू अर्धी पृथ्वी ओलांडून आला, पण त्याच्या दिवसाची लांबी मिनिटानंही बदलली नाही. तिथंही पाऊस जून ते सप्टेंबर, नंतर कोरडा काळ. फरक उंचीचा आणि उन्हाचा: पुएब्ला दोन हजार मीटरच्या वर, गार, आपण खाली, भट्टीत. पण ज्या काळात त्याला वाढायचं असतं त्या पावसाळ्यात आपल्याकडंही गारवा असतो. झेंडूला इथं नव्यानं काही शिकावंच लागलं नाही. झिनिया, कॉसमॉस, डेलिया, गुलछडी हीही त्याच मुलखातली. मराठवाड्याचं अर्धं अंगण मेक्सिकोचं आहे, आणि ते इथं रुजण्यात नवल काही नाही.

मेक्सिकोतले लोक १ आणि २ नोव्हेंबरला मेलेल्या आप्तांना घरी बोलावतात आणि त्यांच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात. त्यांचा सण सूर्याच्या तारखेला बांधलेला, झेंडूही सूर्याला बांधलेला. त्यामुळं त्यांचं गणित दरसाल जुळतं. आपलं नाही. आपला दसरा चंद्राचा. २०२५ साली तो २ ऑक्टोबरला, तर २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळं २० ऑक्टोबरला. अठरा दिवसांचा फरक. दसरा लवकर आला तर गावठी झेंडू नुकता रंगात येत असतो आणि बाजार संकरित वाणवाला मारून नेतो. दसरा उशिरा आला तर गावठीला बहर असतो, आणि घाईनं लावलेल्या संकरिताचे पहिले, मोठ्या फुलांचे तोडे आधीच निघून गेलेले असतात. हुशार शेतकरी म्हणून मे महिन्यातच दिनदर्शिकेची पुढची पानं उलटतो. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेल्या ‘पुसा नारंगी गेंदा’ला पेरणीपासून फुलापर्यंत सव्वाशे ते एकशे पस्तीस दिवस लागतात. २ ऑक्टोबरमधून एवढे दिवस मागं मोजा: मे महिन्याचा शेवटचा आठवडा येतो. रोहिणी नक्षत्र. साठ दिवसांचा संकरित लावायचा तर बी जुलैच्या सुरुवातीला पडायला हवं. पण गणपती-महालक्ष्म्यांना, जेव्हा भाव अनेकदा दसऱ्यापेक्षा बरा लागतो, फूल हवं असेल तर त्याचंही बी मे महिन्यातच टाकावं लागतं.

झेंडूचे उपयोग सांगायला बसलं तर लेख त्यातच संपेल. टोमॅटोच्या सोळा ओळींमागं झेंडूची एक ओळ लावली की फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग आधी झेंडूवर अंडी घालतो, ही शिफारस जुनी आहे. त्यात खुबी अशी की झेंडूचं रोप पंचेचाळीस दिवसांचं आणि टोमॅटोचं पंचवीस दिवसांचं असायला हवं, म्हणजे दोघं एकदम फुलावर येतात. म्हणजे इथंही बी आधी टाकलेलं असलं पाहिजे. मुळांतून निघणारा रस सूत्रकृमींना मारक असतो. पाकळ्यांतला पिवळा रंग कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि अंड्याचा बलक पिवळाजर्द होतो.

आणि एक किस्सा, निव्वळ बियाचं वेड काय असतं हे कळावं म्हणून. अमेरिकेतल्या बर्पी या बियाण्याच्या कंपनीचे डेव्हिड बर्पी यांनी १९५४ साली जाहीर केलं, की पांढऱ्याशुभ्र झेंडूचं बी जो पाठवील त्याला दहा हजार डॉलर. हजारो लोकांनी परसात प्रयोग केले. दरवर्षी सगळ्यांत फिकट फुलाचं बी राखायचं, पुढच्या वर्षी पेरायचं. १९७५ साली आयोवा राज्यातल्या सली गावच्या अ‍ॅलिस व्होंक नावाच्या बाईंना ते बक्षीस मिळालं. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, परसबाग करणाऱ्या होत्या. वर्षाला एक निवड, एवढ्यावर हे झालं. आपल्याकडं पांढरा झेंडू कुणी मागत नाही, नवरात्रात तर नाहीच. पण दरवर्षी एक झाड राखून त्याचं बी धरायची ही रीत आपल्या आज्यांची आणि त्यांची एकच होती.

सगळीच फुलं पेरावी लागत नाहीत हेही सांगायला हवं. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते, आणि मराठवाड्यात त्या माळेला तरवडाची पिवळी फुलं लागतात, कारळाची लागतात. तरवड पेरत कुणी नाही. तो बांधावर, गायरानात, पडिकात आपला आपण असतो, गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सेलूचं स्टेशन त्याच काळातल्या हैदराबाद-मनमाड रेल्वेवरचं. त्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणात, याच सुमारास बायका बतुकम्मा रचतात. त्यात सगळ्यांत मानाचं फूल तंगेडू, म्हणजे आपला तरवड. आणि गुनुगू, म्हणजे आपला कुरडू. इकडं माळ, तिकडं फुलांचा मनोरा, झुडपं तीच. बतुकम्मा २०१४पासून तेलंगणाचा राज्य उत्सव आहे आणि तंगेडू राज्यफूल. आपल्याकडं तरवड अजून ‘तिकडं बांधावर असंल’ या खात्यात आहे. गायरानं आणि बांध अरुंद होत चालले तसा तो कमी होतोय. उद्या घटाच्या माळेसाठी तरवडही पेरावा लागणार असेल, तर त्याचंही बी गोकर्णीसारखंच टणक. घासून, भिजवूनच लावावं.

बाजाराचं काय सांगावं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी जो भाव असतो तो दसऱ्याच्या दुपारी नसतो. सगळ्यांनी एकाच तारखेवर नेम धरल्यावर दुसरं काय होणार? संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पडलेले केशरी ढीग परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कुठंही दिसतात. ते ढीग बघून ‘शेतकऱ्यांनी नियोजन करावं’ असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: नियोजन केलेलंच असतं, मे महिन्यात केलेलं असतं, आणि सगळ्यांनी तेच केलेलं असतं. शिवाय पाऊस. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नदीकाठची शेतं खरवडून गेली, आणि दसरा होता २ ऑक्टोबरला. काळ्या जमिनीत दोन दिवस पाणी तुंबलं की झेंडूची मुळं कुजतात, झाड वरून हिरवं दिसत असतानाच माना टाकतं. गादी वाफ्यावर, उंच सरीवर लावलेला तेवढा तगतो.

आणि बी राखणं. दसऱ्याचं तोरण वाळवून पुढच्या मृगावर कुस्करायचं, ही जुनी, सोपी रीत. त्यातून रोपं येतात, पण फूल कसं येईल याची हमी नाही. बाजारातलं संकरित फूल असेल तर पुढच्या पिढीत एकाच ओळीत बुटकं, उंच, एकेरी, डोलदार अशी सरमिसळ होते. तोरणाची फुलं बहुधा बी पक्व व्हायच्या आधीच तोडलेली असतात, म्हणून निम्म्याहून अधिक बी पोचट. चांगलं बी हवं असेल तर झाडावरच राखावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०चं पद्मश्री जाहीर झालं ते गावठी भाज्यांचं आणि धान्यांचं बी असंच घरच्या घरी जपल्याबद्दल. फुलांना त्यांची पद्धत तशीच लागू पडते. आणि कायद्याचीही आडकाठी नाही: २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, वाटायला आणि विकायलाही मुभा दिली आहे, फक्त दुसऱ्याच्या वाणाचं बी त्याच्या छापाच्या पाकिटात घालून विकता येत नाही.

तर राखायचं कसं: दिवाळीचा पाडवा झाला की झेंडूचा भाव पडतो आणि तोड्याची मजुरीही सुटत नाही. बहुतेक जण तेव्हा रोटाव्हेटर फिरवून हरभऱ्याची तयारी करतात. फिरवण्याआधी गावठी झाडांतली पाच-सहा निरोगी, एकमेकांपासून लांबची झाडं खुणेची दोरी बांधून ठेवावीत. त्यांची मधली फुलं तोडायची नाहीत. पाकळ्या सुकून तपकिरी झाल्या आणि खालचा हिरवा पेला वाळून कागदासारखा वाजायला लागला, म्हणजे साधारण येळवशीच्या, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास, देठासकट खुडावं. सावलीत आठवडाभर वाळवून कुस्करावं, सुपात पाखडून पोचट उडवावं, आणि निंबाचा पाला घालून कोरड्या डब्यात ठेवावं. झेंडूचं बी फार वर्षं टिकत नाही, दुसऱ्या वर्षीच उगवण घटते. त्यामुळं यंदा राखलेलं येत्या रोहिणीतच वाफ्यात टाकावं, आणि उरलेलं शेजारी द्यावं, म्हणजे एखाद्या साली आपलं बुडालं तर मागायला घर असतं.